कचरा कुणाचा आणि बाग कुणाची?

सार्वजनिक बागेत कचरा दिसला की पहिला प्रश्न येतो, "हा कुणी केला?" आणि उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असतं. वस्तीतल्या पोरांनी केला. बागेला लागून असलेल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भरून वाहणाऱ्या डब्याचा फोटो पडतो, त्याखाली चार-पाच रागावलेले चेहरे, आणि मग कुणीतरी लिहितं, "यांना कितीही सुविधा द्या, यांची संस्कृतीच अशी." 'यांना' म्हणजे कुणाला, हे लिहावं लागत नाही. वाचणाऱ्याला कळतं. आपल्यालाही कळतं.

मी शहरातल्या वस्त्यांमध्ये मुलींच्या शिक्षणाचं काम करते. आमच्या कामाच्या वस्तीला लागून महापालिकेचं एक उद्यान आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं राहतात, तिथे अभ्यासाला जागा कुठली? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आमची मुलं-मुली या बागेतल्या बाकांवर बसून अभ्यास करतात. बायका दुपारची कामं आटोपून घटकाभर टेकतात. लहान पोरांना घसरगुंडी एवढीच काय ती श्रीमंती. गेल्या वर्षी या बागेसाठी वॉर्ड ऑफिसात एक निवेदन गेलं. प्रवेशाला तिकीट लावा, नियमित येणाऱ्यांना पास द्या, दुपारी बाग बंद ठेवा आणि 'बाहेरच्या मुलांना' आवरा, अशा त्यातल्या मागण्या. कारण काय दिलं होतं? कचरा.

म्हणून हा लेख कचऱ्यावर असला तरी फक्त कचऱ्यावर नाही. कचऱ्याचं निमित्त करून बागेचं फाटक कुणासाठी बंद होतं, हा माझा मुद्दा आहे.

निवेदनाची बातमी आली तेव्हा विहारात आमच्या अभ्यासगटाची बैठक झाली. एक मुलगा म्हणाला, "ताई, आपणच दर रविवारी सफाई करू. बॅनर लावू, फोटो टाकू. सगळ्यांची तोंडं बंद होतील." त्यावर एक मुलगी उसळून म्हणाली, "का करायची? माझ्या आजीनं जन्मभर लोकांची घाण उचलली. मी बी. ए. करतेय ते परत झाडू धरायला? ज्यांनी घाण केली ते उचलतील." बैठक दोन गटांत वाटली गेली. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नव्हते. या दोन वाक्यांच्या मधली वाट आंबेडकरी चळवळीनं शोधली पाहिजे असं मला वाटतं.

उत्तर देण्याआधी आम्ही एक साधं काम केलं. आठ-दहा जणांनी दोन रविवार आणि दोन मंगळवार, सकाळ-संध्याकाळ बागेत बसून नुसतं पाहिलं आणि वहीत लिहिलं. समाजशास्त्र शिकताना याला 'क्षेत्रीय निरीक्षण' म्हणतात. वस्तीत याला 'डोळे उघडे ठेवणं' म्हणतात.

काय दिसलं? अख्ख्या बागेत खांबाला लटकवलेले ओला-सुक्याचे सहा डबे. त्यातल्या दोघांचे तळ गंजून गळालेले. घंटागाडी फाटकाच्या आत येत नाही, कारण आतला कचरा उद्यान विभागाचा. उद्यान विभाग म्हणतो, कचरा उचलणं घनकचरा विभागाचं काम. या दोन विभागांच्या मधोमध झाडणारी एक बाई. तिनं सकाळी लवकर सगळ्या डब्यांतला माल गोणीत भरून फाटकापर्यंत ओढत न्यायचा. घंटागाडी तिच्या आधी निघून गेली, तर गोणी दिवसभर तिथेच. रविवारी तिची सुट्टी, बदली माणूस नाही. आणि बागेत सगळ्यात जास्त गर्दी कधी? शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी. म्हणजे डबे सगळ्यात जास्त भरायच्या वेळीच ते रिकामे करायला कुणी नाही. सोमवारी सकाळी फोटो काढला तर डबा वाहतानाच दिसणार. यात संस्कृतीचा प्रश्न कुठे आला? हे तिसरीच्या मुलालाही जमेल असं गणित आहे.

पुढची गोष्ट. कोपऱ्यावरची मोठी कचराकुंडी काही वर्षांपूर्वी उचलली गेली. स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा नंबर वर यावा म्हणून 'कचराकुंडीमुक्त शहर' करायची चढाओढ सुरू झाली, त्यात ती गेली. कुंडी गेली, पण कचरा कुठे गेला? वस्तीच्या आतल्या गल्ल्यांत घंटागाडी शिरत नाही. ज्यांना पहाटे कामावर जायचं त्यांना गाडीची वेळ जमत नाही. त्यांची पिशवी बागेच्या भिंतीपाशी येते. आणि आम्ही हेही पाहिलं की पायांत चांगले बूट घालून सकाळी फिरायला येणाऱ्या काही काकांच्या हातात घरची काळी पिशवी असते, ती येताना असते आणि जाताना नसते. फाटकाबाहेरच्या खाऊगाड्यांच्या प्लेटा आणि चमचेही आतल्याच डब्यात येतात.

वस्तीतली मुलं कचरा करत नाहीत असं मी मुळीच म्हणत नाही. पाच रुपयांच्या वेफर्सची पाकिटं बऱ्याच अंशी आमच्याच मुलांची होती. वाढदिवसाच्या केकचे खोके आणि कागदी फटाक्यांचा चकचकीत चुरा मात्र कुठल्याही एका गल्लीचा नव्हता. तो हल्ली सगळ्यांचा आहे. डब्यात काय नव्हतं तेही पाहण्यासारखं. पाण्याच्या बाटल्या नव्हत्या, पुठ्ठा नव्हता. कारण त्यांना भंगारात भाव मिळतो, म्हणून वेचणाऱ्या बाया त्या उजाडायच्या आत घेऊन जातात. उरतं ते भाव नसलेलं. वेफर्सचं पाकीट प्लास्टिक आणि चकाकीच्या थरांचं असतं, ते कुठलाही भंगारवाला घेत नाही. हे पाकीट ज्या कंपन्या कोट्यवधींनी बाजारात ओततात त्यांना व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी संस्कृती विचारत नाही. शिव्या पाच रुपये देणाऱ्या पोराला.

आता त्या झाडणाऱ्या बाईकडे येते. माझी आजी ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून शहरात आली आणि कागद-काच-पत्रा वेचायला लागली. माझी आई अकरा वर्षं एका उद्यानात कंत्राटावर झाडलोट करायची. दर वर्षी ठेकेदार बदलायचा आणि दर वर्षी आई 'नवीन' लागायची. अकरा वर्षांची नोकरी, पण कागदावर एका वर्षापेक्षा जास्त कधीच नाही. हातमोजे मिळायचे ते एकाच मापाचे, पुरुषांच्या. ते घालून काम होत नसे, म्हणून उघड्या हातानंच. डब्यातल्या फुटक्या बाटल्या, ब्लेड, कागदात न गुंडाळता टाकलेली पॅड, डायपर, सगळं तिच्या हातातून गेलं. दुपारची भाकरी ती अवजारांच्या खोलीत खायची. मी लहानपणी विचारायचे, इतके बाक आहेत, तिथे का बसत नाहीस? ती म्हणायची, "झाडू घिऊन उभी ऱ्हायले की कुणी बगत न्हाई. बाकावर बसले की समदे बगतेत."

या दोन वाक्यांत जितकं समाजशास्त्र आहे तितकं मला एम. ए. च्या दोन वर्षांत मिळालं नाही. बाग सगळ्यांची असते. पण कुणी तिथे बसायचं आणि कुणी वाकायचं हे आधीच ठरलेलं असतं. आणि भाषा बघा. कचरा करणाऱ्याला आपल्याकडे शब्द नाही. कचरा उचलणारीला आहे, 'कचरेवाली'.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच उलगडून दाखवलं. जात नुसती कामांची वाटणी करत नाही. ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी करते, त्यांना एकावर एक रचते आणि कुणी कुठलं काम करायचं हे जन्मावर ठरवते. पुढे १९४५ च्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात त्यांनी सफाईच्या कामाला थोर सेवा म्हणून गौरवण्यावर कडाडून टीका केली. ज्यांच्यावर हे काम लादलं गेलं त्यांनाच 'किती पवित्र काम करता' असं सांगणं म्हणजे त्यांना त्याच कामात बांधून ठेवणं, हा त्यांचा मुद्दा होता. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, तेव्हा कोऱ्या झाडूंसह मंत्र्या-नटांचे फोटो झळकले. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात आदेश दिला होता, की १९९३ पासून गटारात उतरून मेलेल्या प्रत्येक माणसाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या. फोटो सगळ्यांना आठवतात. तो आदेश किती जणांना आठवतो?

आमच्या राज्यात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. या नोकरीनं हजारो घरं उभी राहिली, हे मी नाकारणार नाही. पण पदवीधर मुलानं बापाचा झाडूच वारशात घ्यायचा, हा कसला वारसा, हा प्रश्नही आपणच विचारला पाहिजे. आणि आता कंत्राटीकरणानं ही कायम नोकरीसुद्धा काढून घेतली. वारशात झाडू राहिला, पगार आणि पेन्शन गेली. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाला २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं, तेव्हा २०१७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पुण्यात १९९३ साली वेचक बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था आली. आपलं काम हे काम आहे, भीक किंवा सेवा नाही, हे त्यांनी शहराला मान्य करायला लावलं. या दोन्ही लढ्यांतून आपल्याला काही शिकता येतं. तिथे कुणी 'आम्ही किती स्वच्छ' हे सिद्ध करत बसलं नाही. त्यांनी मजुरी, ओळखपत्र आणि कायमपण मागितलं.

आता बागेकडे परत. बाग आपल्यासाठी इतकी महत्त्वाची का? चळवळीच्या इतिहासात एका बागेतल्या बाकाचं फार मोठं स्थान आहे, हे आपण विसरतो. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अख्खं कुटुंब राहत होतं. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा भीमराव संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाला पाहिलं, चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी त्याला आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांनीच शब्द टाकला. त्या सत्कार सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले.

कल्पना करा, त्या बागेच्या फाटकावर तिकीट असतं तर? 'बाहेरच्या मुलांना आवरा' असा फलक असता तर?

हेच बोले १९२३ साली मुंबई विधिमंडळात ठराव आणतात, की सार्वजनिक पैशानं बांधलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले पाहिजेत. महाडच्या नगरपालिकेनं तो मान्य केला, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी काय केलं? १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून पाणी 'शुद्ध' केलं. या देशात शुद्ध आणि स्वच्छ हे दोन शब्द किती वेगळे आहेत हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी शेणानं शुद्ध होतं. म्हणून कुणी आपल्याला 'स्वच्छता' शिकवायला आला की मी आधी तपासते, हा स्वच्छतेबद्दल बोलतोय की शुद्धतेबद्दल? डबे वाढवा, रविवारी गाडी पाठवा असं म्हणणारा स्वच्छतेबद्दल बोलतो. 'यांना' आत घेऊ नका म्हणणारा शुद्धतेबद्दल बोलतो. पहिल्याशी आपली मैत्री होऊ शकते. दुसऱ्याशी आपलं भांडण महाडपासून चालू आहे.

महाडचा हा लढा बाबासाहेबांनी संविधानातही नेला. कलम १५(२) वाचा. सरकारी पैशानं राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा वापरण्यापासून धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कुणालाही अडवता येणार नाही. महापालिकेची बाग ही अशीच जागा आहे. तिकीट खिडकीवर कुणी जात विचारणार नाही, हे मला माहीत आहे. विचारायची गरजच पडत नाही. चार पोरांच्या आईला रोज वीस-तीस रुपये द्या म्हटलं की ती आपणहून येणं बंद करते. कायद्यात न बसणारा विटाळ खिशात बरोबर बसतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. झाडू पुन्हा हातात घ्यायचा का?

याचं उत्तर मला धम्मात सापडलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी सुनीताची गोष्ट घेतली आहे. राजगृहातला रस्ता झाडणारा सुनीत. भगवान बुद्ध भिक्खूंसह येताना पाहून तो घाबरून भिंतीला चिकटून उभा राहिला. बुद्धांनी त्याला 'तुझं काम किती पवित्र, असंच करत राहा' असं सांगितलं नाही. हे जिणं सोड आणि संघात ये, असं म्हटलं. म्हणजे पहिली पायरी, लादलेला झाडू खाली ठेवणं. ती मुलगी इथे बरोबर आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. सुनीत ज्या संघात गेला तिथे झाडलोट होत नव्हती का? होत होती. विनयात भिक्खूंची रोजची कर्तव्यं सांगितली आहेत, त्यात आवार झाडणं आहे, शौचकूप स्वच्छ ठेवणं आहे. ती कुणा एका जातीत जन्मलेल्या भिक्खूची नाहीत, सगळ्यांची आहेत. भिक्खुनी पातिमोक्खात एक नियम असा आहे, की मलमूत्र, केरकचरा किंवा उष्टं भिंतीपलीकडे टाकायचं नाही आणि दुसऱ्याकडून टाकवायचंही नाही. हिरवळीवर टाकायलाही अशीच मनाई आहे. 'दुसऱ्याकडून टाकवायचं नाही' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. आपली घाण भिंतीपलीकडे, दुसऱ्याच्या आयुष्यात ढकलायची नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलं गेलं. संघाला दान मिळालेल्या वेळुवन, जेतवनासारख्या बागांना 'आराम' म्हणत. बाग हे आपल्या परंपरेत विद्यापीठ होतं. आणि दुसरं शील आठवा. न दिलेलं घ्यायचं नाही. मी बाकाखाली पाकीट टाकते, तेव्हा मी कुणाचं तरी वाकणं फुकटात घेते. त्या बाईनं ते मला दिलेलं नसतं.

म्हणून माझं उत्तर असं. दुसऱ्यांनी केलेली घाण उचलून आपली 'संस्कृती' सिद्ध करायची नाही. त्यासाठी बॅनर नको, फोटो नको. आपला स्वतःचा कचरा मात्र कुणा दुसऱ्याच्या पाठीवर टाकायचा नाही. आणि आपल्या कार्यक्रमानंतर झाडायची पाळी सगळ्यांवर येईल. अध्यक्षांवर, वक्त्यांवर, पुरुषांवरही. ती पाळी एकट्या महिला मंडळाची नसेल.

इथे ६ डिसेंबरबद्दल बोललं पाहिजे. दरवर्षी चैत्यभूमीच्या गर्दीनंतर शिवाजी पार्कातल्या कचऱ्याचे फोटो फिरवले जातात. गावोगावहून लाखो माणसं येतात, तिथेच जेवतात, तिथेच रात्र काढतात. एवढी माणसं कुठेही जमली तरी कचरा होणारच. गणेश विसर्जनाला होतो, प्रचारसभेला होतो. फरक नावात आहे. विसर्जनाच्या कचऱ्याला 'निर्माल्य' म्हणतात आणि त्याच्यासाठी वेगळा कलश ठेवतात. आपल्या कचऱ्याला 'घाण' म्हणतात. हा दुटप्पीपणा ठणकावून सांगायला हवा, आणि मी सांगतेच. पण घरातल्या माणसांशी बोलताना मी आणखी एक गोष्ट विचारते. ७ डिसेंबरच्या पहाटे तो कचरा कोण उचलतं? सफाई खात्यात कोणाची माणसं जास्त आहेत? बौद्ध, मातंग, मेहतर, मेघवाळ. म्हणजे आदल्या रात्री बाबासाहेबांना अभिवादन करून आपण जे द्रोण-पत्रावळी टाकून येतो, ते बहुतेक वेळा आपल्याच कुणा मावशीच्या, काकाच्या हातून उचललं जातं. टीकाकारांसाठी नको, त्या मावशीसाठी आपण पिशवी सोबत ठेवू. अनेक तरुण गट ही व्यवस्था आधीपासून करतात, त्यांना साथ देऊ.

आमच्या बागेत पुढे काय झालं ते सांगते. आम्ही सफाई अभियान केलं नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकला. बागेच्या देखभालीचं कंत्राट किती कामगारांचं, प्रत्यक्षात किती, त्यांना किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो का, डबे किती, उचलण्याच्या वेळा कोणत्या, हे विचारलं. कागदावरचे कामगार आणि आम्ही बाकावर बसून पाहिलेले कामगार यांचा मेळ बसला नाही. ती तफावत आणि आमची वहीतली नोंद जोडून आम्ही वॉर्ड ऑफिसात आमचं निवेदन दिलं. आमच्या मागण्या पाच. रविवारी बदली कामगार आणि गाडी, फाटकापाशी मोठे झाकणाचे डबे, वस्तीच्या आतल्या गल्ल्यांत ढकलगाडीनं रोज कचरा उचलणं, झाडणाऱ्या बाईला तिच्या मापाचे हातमोजे आणि बसायला-जेवायला खोली, आणि तिकिटाचा प्रस्ताव रद्द. रविवारची गाडी सुरू झाली आहे, मधूनमधून चुकते. बाकीचं बाकी आहे. तिकिटाची फाईल अजून बंद झालेली नाही, म्हणून आम्हीही थांबलेलो नाही. आमची मुलंही आता वेफर्सचं पाकीट खिशात घालून घरी नेतात, कारण त्या बाईंचं नाव त्यांना माहीत झालं आहे.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी एक गोष्ट सांगितली होती. परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम करायचा तर आयोजकानं किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा तिथल्या तिथे वेगळा करायचा. खाऊगाडीवाल्यानंही आपला डबा ठेवायचा. येत्या १४ एप्रिलच्या जयंतीला प्रत्येक मंडळानं हे पत्र पालिकेला द्यावं, आणि त्यातच मागावं की आमच्या मिरवणुकीच्या मार्गावर इतके डबे, इतकी शौचालयं, इतक्या गाड्या हव्यात. पत्राची पोच घ्या. डबे आले नाहीत तर ती पोच आपल्या हातातला पुरावा. डबे आले तर ते वापरणं आपली जबाबदारी.

आणि मित्रमैत्रिणींनो, त्याआधी एक काम. येत्या रविवारी आपापल्या वस्तीजवळच्या बागेत वही घेऊन जा. डबे मोजा. गाडी कधी येते, येते का, लिहून ठेवा. काळ्या पिशव्या कुठून येतात ते पाहा. झाडणाऱ्या बाईंना नाव विचारा, पगार वेळेवर होतो का विचारा, आणि त्यांना आपल्या शेजारी बाकावर बसायला सांगा. मग घरी येऊन अर्ज लिहायला घ्या.

जय भीम!